वीस किलोची पिशवी

सोमवार, ५ मार्च

हिशेबाची वही मागच्या बाजूने उघडून लिहिते आहे. पुढून खर्च, मागून मनातलं. कागद वाया जात नाही आणि कोणी उघडून बघितलीच तर पुढचे आकडे बघून कंटाळून मिटेल.

आज यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. पार्सलच्या गोदामात खोकं उचलताना उजव्या खांद्यातला स्नायू फाटला, त्याच्या ऑपरेशनला आता तीन महिने होत आले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता हात हलवायला हवा, रोज दोन वेळा. इथे या, नाहीतर जिम लावा, नाहीतर घरी सोय करा. इथे यायचं तर दोघांचं बसभाडं आणि बाईंची फी. जिमची फी विचारायलाही मी थांबले नाही. येताना व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेलो. कप्पी, दोरी, रबरी पट्टे, चटई, वजनं. दुकानदाराने सगळं मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "चल, एवढ्यात पंखा, फ्रीज आणि मी, तिघंही दुरुस्त होऊन निघू."

सोळा एप्रिलला गोदामाचे डॉक्टर यांना तपासणार. वीस किलोचं खोकं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायचं. जमलं तर जुनं काम, जुना पगार. नाही जमलं तर गेटवर बसायचं, पगार निम्म्याहून जरासा वर. आमची लेक चिमणी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, तिचे पैसे तिच्या पुढच्या कोर्सला ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही असं मी देवासमोर ठरवलं आहे.

म्हणजे वीस किलो. बाकी काही नाही.

गुरुवार, ८ मार्च

तीन दिवस घर म्हणजे कारखाना झालं आहे, पण जिम उभी राहिली. देवाचं नाव घेऊन लिहून ठेवते.

कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी दाराच्या वरच्या चौकटीला ठोकली. तिच्यातून दोरी, दोरीच्या दोन टोकांना जुन्या छत्र्यांच्या मुठी. एका हाताने ओढलं की दुसरा वर जातो. सायकलवाल्याकडून फुटकी ट्यूब आणली, तिचे पट्टे कापले. तो पैसे घेत नव्हता, म्हणाला, "मावशी, काका बरे झाले की सायकल माझ्याकडेच दुरुस्तीला द्या." आमच्याकडे सायकल नाही हे त्याला सांगितलं नाही. फरशी पुसायच्या दांड्याचं फडकं काढलं, तो दोन्ही हातांनी धरून वर न्यायचा. गॅलरीत उभं केलेलं जुनं दार दोन ट्रंकांवर आडवं टाकलं, त्यावर सतरंजी, झाला बाक.

राहिली वजनं. लोखंडाचे गोळे आणून ते उद्या काय खायचे आहेत? लहान वजनाला मिठाच्या एकेक किलोच्या पुड्या मोज्यात घातल्या. मोठ्या वजनाला वाण्याकडून वीस किलो तांदूळ एकदम घेतला. घाऊक घेतल्याने स्वस्त पडला. तसाही लागणारच होता. गोदामातून आणलेल्या जाड कापडाच्या, दोन मुठींच्या पिशवीत भरला, वाण्याच्या काट्यापाशी स्वतः उभं राहून तोलला, बरोबर वीस. एका खर्चात दोन कामं. मॅट्रिकला गणितात शाळेत दुसरी आले होते ते कुठेतरी उपयोगी पडायलाच हवं.

तीन मजले चढवताना जिन्यात दोनदा बसले. पाठ भरून आली आहे.

चिमणी कामावरून आली, उंबऱ्यातच थांबली. "आई, ही जिम नाही. हे किराणा दुकान आहे. बाबा, अर्धा किलो तूरडाळ द्या."

हे बाकावर झोपून म्हणाले, "उधारी बंद आहे."

शुक्रवार, ९ मार्च

आज पहिल्यांदा मोठी पिशवी. बाईंनी लहान वजनांनीच सुरुवात करा म्हटलं होतं, पण हे म्हणाले, एकदा बघू तर दे कुठे आहोत. डावीकडून पिशवी उठली, उजवीकडून जमिनीला चिकटून राहिली. तिरकी झाली, बस. ते तसेच वाकलेले राहिले थोडा वेळ. मग मूठ सोडून म्हणाले, "बरोबर आहे. वीसच आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी पडलेलीच होती, ती घासली. दुसरं काही विशेष नाही.

सोमवार, १२ मार्च

मोजणीची पद्धत ठरली. आकडे मोजले की माणूस कधी संपतंय याकडे बघतो, म्हणून प्रत्येक उचलीला एकदा देवाचं नाव. मी समोर स्टुलावर बसून घेते. हे म्हणतात, "माझ्या खांद्यापायी देवाला एवढ्या हाका. तो म्हणेल, ऐकलं गं बाई, एकदा सांगितलंस तेवढं पुरे."

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या. निवृत्त झाल्या तरी छडी गेली नाही आवाजातली.

"वर काय चाललंय तुमच्याकडे? सकाळी सहाला धप्प, संध्याकाळी सहाला धप्प."

"यांचा व्यायाम चाललाय. मीठ पडतं हातातून."

"मीठ?"

"मीठ."

त्या आत आल्या, कप्पी बघितली, ट्यूब बघितली, दार बघितलं. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी कप्पीच्या मुठी धरल्या आणि दोनदा ओढून बघितल्या. "माझाही डावा खांदा धरतो," म्हणाल्या. आता रोज अकराला येतात. धप्पबद्दल बोलत नाहीत.

सोमवार, १९ मार्च

पिशवीचं कापड ताणलं जाऊन सैल पडतंय. उचलताना तांदूळ एका बाजूला सरकतो, यांचा तोल जातो. म्हणून सकाळचा तांदूळ काढून घेतल्यावर शिवण दोन बोटं आत घेतली, दोरा दुपदरी. आता घट्ट बसली. गोदामातलं कापड म्हणजे टिकाऊ असं मी समजत होते.

उजवीकडून पिशवी आज फरशीवरून सुटली. कागद सरकेल एवढी, पण सुटली. मी खाली वाकून बघितलं, खोटं नाही. देवाने ऐकायला सुरुवात केली.

यांचं अलीकडे माझ्यावाचून पान हलत नाही. शर्टाची वरची बटणं मलाच लावायला सांगतात, भांग पाडायला सांगतात. लग्न झालं तेव्हासुद्धा एवढे लाड केले नव्हते स्वतःचे. चहाचा कप डाव्या हातात धरून माझ्याकडे बघत बसतात. मी म्हटलं, "काय आहे?" तर म्हणाले, "काही नाही, मोजायला बसतेस ना, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं असतं."

या वयात.

शनिवार, २४ मार्च

बाईंनी तपासायला बोलावलं होतं. हे म्हणाले, एकट्याने जातो, तुझं तिकीट कशाला. खरंच शहाणपणाचं बोलले. सकाळी गेले ते जेवायची वेळ टळून गेल्यावर आले. मी विचारलं, काय म्हणाल्या? "चांगलं चाललंय म्हणाल्या. चालू ठेवा म्हणाल्या."

"आणि वीसचं?"

"चालू ठेवा म्हणाल्या."

हातपाय धुवायला न्हाणीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. उन्हातून चालत आले असणार, बसचे पैसे वाचवायला. माझी सवय लागली म्हणायची.

बुधवार, २८ मार्च

पिशवी आज गुडघ्यापर्यंत आली. दोन्ही हातांनी, सरळ. मी नाव घ्यायचं विसरले.

यांनी हळूच खाली ठेवली. "कसं वाटलं?" म्हटलं. "हलकी वाटते गं आताशा," म्हणाले. मी म्हटलं, "अंगात ताकद आली की वजन हलकंच वाटतं." ते म्हणाले, "हो, असंच असणार."

मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवरा माझ्या शाळेत असता तर त्याला मी बक्षीस दिलं असतं. तुम्हाला आधी." कौतुक मला पचत नाही, मी सतरंजी झटकायला घेतली. पण आत बरं वाटलं. गेले काही दिवस रात्री मधे जाग येत नाही.

रविवार, १ एप्रिल

यांची भूक फार वाढली आहे. पूर्वी एकदाच भात घेऊन उठायचे, आता तीनदा मागतात. काल संध्याकाळीसुद्धा म्हणाले, भातच टाक, दुसरं काही करू नकोस. व्यायामाचा गुण. चिमणी म्हणाली, "बाबा, तुम्ही पोतं उचलायचं आहे, आत साठवायचं नाही." हे म्हणाले, "गोदामाचा माणूस आहे, माल आत घ्यायची सवय आहे."

तांदूळ मे संपेपर्यंत पुरेल असा माझा अंदाज होता. तो चुकणार. हरकत नाही, खाणाऱ्याला मोजून देऊ नये. इतकं तरी मला समजतं.

बुधवार, ४ एप्रिल

यांचं पोट बिघडलं. गरम पाणी, लंघन. तरी संध्याकाळी भात मागितला. मी दिला नाही, तर रुसले लहान मुलासारखे.

पिशवी पुन्हा सैल. पुन्हा शिवण.

सोमवार, ९ एप्रिल

आज पिशवी स्टुलावर. उचलली, ठेवली, उचलली, ठेवली. यांच्या कपाळावर एक थेंब घाम नाही. माझ्याच डोळ्यांसमोर काजवे. गेले महिनाभर दिवसातून दोनदा तो दाराचा बाक मांडायचा, आवरायचा, पाणी भरायचं, स्वयंपाक, परत बाक. कधी कधी वाटतं, हे बरे झाले की मी आठवडाभर त्याच दारावर झोपून राहीन आणि कुणी उठवू नये.

संध्याकाळी यांच्या गोदामातले मुकादम आले. चहा घेतला. मी म्हटलं, "साहेबांना सांगा, जागा धरून ठेवा, सोळा तारखेला येतायत." मुकादमांनी यांच्याकडे बघितलं, यांनी कपाकडे. मग हे त्यांना सोडायला म्हणून खाली गेले, आणि दोघं जिन्यातच बराच वेळ बोलत उभे राहिले. वरून फक्त मुकादमांचं "वहिनींना सांगायला हवं रे" एवढं ऐकू आलं. जुन्या मित्राची थट्टा चाललेली असणार. मी काही विचारलं नाही. जुन्या कामावर परत जाण्याआधी गोदामातल्या मंडळींना काहीतरी गोड द्यायला हवं, तेच सांगायचं राहिलं असेल मला.

गुरुवार, १२ एप्रिल

फार थकले आहे. देवासमोर बसले आणि तिथेच डुलकी लागली. देवही म्हणाला असेल, झोप बाई.

रविवार, १५ एप्रिल

फळीवर ठेवली. खांद्याच्या उंचीवर, दोन वेळा. चिमणीने टाळ्या वाजवल्या. मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. इतके दिवस उभी होते ती आज बसले असं वाटलं.

उद्या यांचा शर्ट निळा.

सोमवार, १६ एप्रिल

लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

साडेअकराच्या आत घरी आले. मास्तरीणबाई कप्पीवर होत्या, यांचं तोंड बघून चप्पल घालून निघून गेल्या.

"झालं?" मी म्हटलं.

"झालं."

"उचललंत?"

"नाही."

"म्हणजे? पडलं हातातून?"

"हात लावलाच नाही. डॉक्टरांनी खोकं दाखवलं. मी म्हटलं, हे माझ्याने होणार नाही, मला गेटवर घ्या. त्यांनी लिहून घेतलं."

मला काय झालं मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत आवाज चढवला नव्हता तो चढवला. म्हटलं, "घरी फळीवर ठेवत होतात. काल ठेवलीत. चिमणीने बघितलं. आणि तिथे हातसुद्धा लावला नाही? कसली भीती? का परत ओझी वाहायची नाहीत म्हणून हे सगळं? मी महिनाभर दारं उचलते आहे ती कशाला?"

हे म्हणाले, "अगं, ती पिशवी वीसची नाही."

"मी स्वतः काट्यावर तोलून आणली आहे."

"आणलीस तेव्हा होती."

मी पिशवी उचलली. रागात उचलली, कमरेवर घेतली आणि जिना उतरले. कुठेही बसावं लागलं नाही, पण ते तेव्हा लक्षातही आलं नाही. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला बाजूला सारून पिशवी काट्यावर ठेवली. म्हटलं, वजन करा आणि चिठ्ठीवर लिहून द्या, घरात दाखवायचं आहे.

वाण्याने बघितलं. "नऊ आणि वर थोडं."

"वीस आहे."

"बाई, काटा तुमच्यासमोर आहे. वीस किलो दिला होता मी, महिन्यापूर्वी. तेव्हापासून जेवत नाही का घरी कोणी?"

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. त्यात हसण्यासारखं होतंच. मी तिथे उभी होते आणि माझ्या हाताखाली ती शिवण होती. दोन बोटं, मग दोन बोटं. रोज सकाळी त्याच पिशवीत मापटं बुडवून मी तांदूळ काढला, धुतला, शिजवला, वाढला, आणि संध्याकाळी तीच पिशवी यांच्यापुढे ठेवून देवाचं नाव घेतलं. खर्चाच्या बाजूला तांदूळ एकदाच लिहिला होता, पैसे दिले तेव्हा. त्यानंतर तो माझ्या लेखी खर्च होतच नव्हता.

चिठ्ठी घेतली नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

काल रात्री जेवण केलं नाही. म्हणजे केलं, पण भात केला नाही.

आज दुपारी चिमणी कामावर गेल्यावर मीच विषय काढला. हे बाकावर बसले होते, मी खाली फरशीवर.

"चूक माझी," मी म्हटलं. "पण तुम्ही सगळी हयात वजनं उचलली आहेत. तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि बोलला नाहीत."

"पहिल्या दिवशी ती हलली नाही तेव्हा तू आत गेलीस. नळ सोडलास. भांडी चार होती, नळ अर्धा तास चालू होता. तू पाण्याचा थेंब सांडू देत नाहीस, आणि अर्धा तास." त्यांनी सतरंजीची सुरकुती सरळ केली. "मग ती जराशी सुटली त्या रात्री तू झोपलीस. मी जागा होतो, मला माहीत आहे. म्हटलं, राहू दे."

"आणि बाई? त्या काय म्हणाल्या होत्या, खरं सांगा."

"पाच किलोच्या वर कधी नाही. जन्मात नाही. पुन्हा फाटलं तर हातच जाईल म्हणाल्या."

"ते चोवीस तारखेला."

"हो."

"म्हणून मुकादम."

"त्याच दिवशी त्याला सांगून गेटचं विचारून ठेवलं. जागा एकच होती."

मग मला एक आठवलं. "तो भात? तीन तीन वेळा मागत होतात तो?"

यांनी खाली बघितलं. "पिशवी लवकर हलकी व्हायला नको का? सोळा तारीख जवळ येत होती. तुला एकदा तरी फळीवर ठेवलेली दाखवायची होती."

"पोट बिघडेपर्यंत."

"पोट बिघडेपर्यंत."

मला हसू आलं. मला खूप राग होता आणि अजूनही आहे, माझ्याशी खोटं वागले म्हणून, आणि ज्या देवाला मी पिशवीच्या प्रत्येक उचलीला साक्षी ठेवला त्याच्यासमोर मी मूर्ख ठरले म्हणून. पण हसू आलं ते आलं. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, परवानगी आहे का अशा नजरेने.

संध्याकाळी वहीच्या पुढच्या बाजूला नवा पगार लिहिला आणि त्याखाली महिना मांडला. तिसऱ्यांदा मांडल्यावर कसाबसा बसला. चिमणीच्या कोर्सला हात लावला नाही. दूध कमी, माझा चष्मा पुढच्या वर्षी. पेपर बंद करणार होते, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, माझा वाचून झाला की वर पाठवते. कप्पीचं भाडं समजा.

रविवार, २२ एप्रिल

गुरुवारपासून गेटवर जातात. खाकी शर्ट दिला आहे, बाह्या लांब आहेत, मी आत घेतल्या. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि अडसर वर-खाली करायचा. अडसर डाव्या हाताने. पहिल्या दिवशी आत माल उतरवणारी पोरं काका काका करत गेटपर्यंत आली होती म्हणे. हे सांगताना हसत होते, पण जेवताना मधेच थांबले.

आज सुट्टी. सकाळी मी बाक मांडत नव्हते. म्हटलं, आता कशाला. त्यांनीच एक ट्रंक डाव्या हाताने सरकवली. म्हणाले, "बाईंनी पाच म्हटलं आहे, पाच तरी व्हायला पाहिजेत. शर्टाचं बटण मला लावायचं आहे."

मोठी पिशवी मी डब्यात रिकामी केली होती. मिठाची एक पुडी आणली, न फोडलेली, एक किलो छापलेली. मोज्यात घातली नाही, दिसू दे. ते बाकावर बसले, हात बाजूने वर न्यायचा. मी समोर बसले. नाव घेतलं नाही, आकडेही मोजले नाहीत, नुसतं बघत होते. दोन-तीनदा गेला. मग खांद्याच्या थोडा खाली हात थांबला आणि थरथरायला लागला. पूर्वीही असा थरथरत असणार. मी तेव्हा पिशवीकडे बघत होते.

"दुखतंय," ते म्हणाले.

ऑपरेशन झाल्यापासून हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "मग ठेवा खाली."

त्यांनी ठेवली.